शिलेखाना, शिकारखाना आणि संग्रहालय

१

‘लष्करी इतिहासाचे संग्रहालय’ ही संज्ञा मराठीत अलीकडे बरीच सैलपणे वापरली जाते. जेथे तलवारी, ढाली व बंदुका मांडलेल्या आहेत, तेथे लष्करी इतिहास आहेच, असे गृहीत धरण्याची प्रवृत्ती तिच्यामागे दिसते. वस्तुतः शस्त्रसंग्रह आणि लष्करी इतिहास या दोन भिन्न गोष्टी आहेत. शस्त्र ही वस्तू आहे. लष्करी इतिहास हे त्या वस्तूविषयीचे विधान आहे. ते शस्त्र कोणी घडविले, कोणाच्या हाती दिले, त्याचा खर्च कोणी सोसला, कोणत्या प्रसंगी ते चालले आणि कोणत्या प्रसंगी ते खाली ठेवावे लागले, हे सांगितले गेले म्हणजे संग्रहाचे संग्रहालय होते. हे सांगण्याचे एकमेव साधन भाषा होय. यास्तव अशा संग्रहालयाची परीक्षा त्याच्या कपाटांवरून करण्यापेक्षा त्याच्या शब्दांवरून करणे अधिक न्याय्य ठरेल.

या परीक्षेसाठी कोल्हापुरातील एक संग्रह विशेष उपयुक्त आहे. शहरातून कसबा बावड्याकडे जाणाऱ्या वाटेवर नवा राजवाडा उभा आहे. मेजर चार्ल्स मँट या स्थापत्यविशारदाने त्याची रचना केली; बांधकाम १८७७ मध्ये सुरू होऊन १८८४ मध्ये पूर्ण झाले. ते पूर्ण झालेले पाहण्यास मँट जिवंत राहिला नाही. १८८१ मध्येच त्याचा अंत झाला. काळ्या दगडाची ही वास्तू, तिचा घड्याळाचा मनोरा आणि दरबार दिवाणखान्यातील शिवचरित्राचे प्रसंग रंगविलेल्या काचा कोल्हापूरकरांच्या परिचयाच्या आहेत. या वाड्याच्या तळमजल्यावर १९७४ साली श्री छत्रपती शहाजी म्युझियम लोकांसाठी खुले झाले. त्याचा कारभार विश्वस्त संस्थेकडे आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले होते आणि संस्थानिकांचे तनखे व मान्यता १९७१ च्या घटनादुरुस्तीने संपुष्टात आली होती. राजघराण्याची खाजगी मालमत्ता सार्वजनिक दर्शनाची वस्तू होण्याचा हा काळ या क्रमात पाहिला पाहिजे. वाड्याचा मालक विश्वस्त झाला, म्हणजे वस्तूंशी असलेले त्याचे नातेच बदलले. मालकाला वस्तूंचे मोल पुरते. विश्वस्ताला त्यांचा अर्थही सांगावा लागतो.

२

या संग्रहात तलवारी, कट्यारी, भाले व बंदुका आहेत. हत्तीवरचे चांदीचे हौदे आहेत. राजघराण्यातील पोशाख, चित्रे व पत्रे आहेत. आणि शिकारीत मारलेल्या वाघ-बिबट्यांचे भुसा भरलेले देहही आहेत. राजवाड्यातील संग्रहालयात हे सारे एकत्र यावे हे स्वाभाविक आहे, कारण वाडा हे घर होते आणि घरात सर्व प्रकारच्या वस्तू असतात. तथापि लष्करी इतिहासाच्या दृष्टीने या एकत्र येण्यात एक अडचण आहे. युद्धाचे शस्त्र आणि शिकारीचे शस्त्र एकाच छताखाली, एकाच प्रकाशात पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात दोहोंचा एकच अर्थ तयार होतो, तो म्हणजे पराक्रम. शिकार ही राजाच्या विश्रांतीची गोष्ट होती, युद्ध ही राज्याच्या अस्तित्वाची. या दोहोंतील भेद पुसला गेला, तर शस्त्रांचा इतिहास वैभवाच्या इतिहासात विरून जातो.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, मराठी राज्याच्या स्वतःच्या परिभाषेने हा भेद फार पूर्वी केलेला होता. शिवकालीन व्यवस्थेच्या वर्णनात येणाऱ्या अठरा कारखान्यांच्या याद्यांत थोडाफार फरक आढळतो. परंतु त्यांची वर्गीकरणाची बुद्धी एकच आहे. जिरातखाना शस्त्रांचा व चिलखतांचा, तोफखाना तोफांचा, दारूखाना दारूगोळ्याचा, तालीमखाना शिक्षणाचा, पीलखाना हत्तींचा, जामदारखाना वस्त्रांचा, आणि शिकारखाना या सर्वांहून निराळा. ‘खाना’ या एका फारशी प्रत्ययाने राज्याचे सारे भौतिक विश्व विभागले गेले होते. हौदा पीलखान्याचा, पोशाख जामदारखान्याचा, शिकारीची बंदूक शिकारखान्याची. शिलेखान्यात त्यांना जागा नव्हती. आधुनिक संग्रहालयशास्त्राने ज्याला वर्गीकरण म्हणावे, तेच काम हे शब्द करीत होते. त्यांचा उपयोग करून नव्या राजवाड्यातील दालनांची मांडणी केली, तर प्रेक्षकाला वस्तूंबरोबरच त्या वस्तू वापरणाऱ्या राज्याची विचारपद्धतीही दिसेल.

दुसरे साधन राजव्यवहारकोशाचे. राज्याभिषेकाच्या सुमारास रूढ फारशी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी हा कोश रचला गेला. त्यात शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग आणि दुर्गवर्ग असे स्वतंत्र विभाग आहेत. आयुधे, सेना आणि किल्ले यांच्या शब्दांना स्वतंत्र वर्ग द्यावेत इतके ते विपुल होते, हे त्यावरून स्पष्ट होते. कोशकाराचा हेतू पर्याय देण्याचा होता. परंतु पर्याय देण्यासाठी त्याला मूळ शब्द नोंदवावे लागले आणि आज त्या मूळ शब्दांचेच मोल अधिक आहे. व्यवहारात संस्कृत पर्याय फारसे रुजले नाहीत. शिपायाच्या तोंडी तलवार, तोफ, बंदूक हेच शब्द राहिले. भाषेच्या इतिहासात शासनाची इच्छा आणि शिपायाची सवय यांचा असा सामना झाला म्हणजे बहुधा सवय जिंकते.

३

शस्त्राचे नाव हे केवळ लेबल नसते. पुष्कळदा तो संक्षिप्त इतिहास असतो. ‘फिरंग’ या शब्दाचे उदाहरण घ्यावे. सरळ व लांब पात्याच्या या तलवारीच्या नावातच पाते युरोपातून आल्याची नोंद आहे. त्याला येथील मूठ व परज बसविली म्हणजे ते शस्त्र दख्खनचे झाले. कपाटावर ‘तलवार’ असे लिहिले तर प्रेक्षकाला एक धारदार वस्तू दिसते. ‘फिरंग’ असे लिहून दोन ओळी जोडल्या तर पश्चिम किनाऱ्यावरील व्यापार, पोर्तुगीजांशी असलेले संबंध आणि येथील कारागिरांचे कौशल्य दिसते. ‘बिचवा’ या नावात विंचवाच्या नांगीचा आकार आहे. ‘जिरेटोप’ या शब्दात जिरह, म्हणजे साखळ्यांचे कवच, आणि टोप असे दोन घटक आहेत. तो लढाईतील शिरस्त्राणाचा शब्द आहे. आज मात्र नाटक-चित्रपट व मिरवणुकी यांच्या योगाने तो एका विशिष्ट पगडीवजा शिरोभूषणाला चिकटला आहे. अर्थांतराचे याहून चांगले उदाहरण वर्गात शोधूनही मिळणार नाही. आणि ते समजावून देण्यास जिरेटोपाच्या कपाटाहून योग्य जागा नाही.

व्यक्तींच्या नावांतही हेच दिसते. ‘शिलेदार’ म्हणजे मूळ अर्थाने शस्त्र धारण करणारा. मराठी लष्करात तो स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा स्वार. ‘बारगीर’ सरकारी घोड्यावर बसणारा. या दोन शब्दांत लष्कराची अर्थव्यवस्था सामावलेली आहे. एखादी तलवार शिलेदाराची असेल, तर ती कुटुंबाची मिळकत होती, पिढीजात होती, गहाण पडू शकत होती. बारगिराची असेल, तर ती राज्याची होती आणि परत जमा करावयाची होती. तलवारीची लांबी व वजन देणारी चिठ्ठी हे सांगू शकत नाही. मालकी सांगणारी चिठ्ठी हवी; आणि ती लिहिण्यासाठी मोडी कागद वाचणारा माणूस हवा.

नावापेक्षाही नाजूक प्रश्न श्रेयाचा आहे. ‘अमुकाची तलवार’ या शब्दप्रयोगातील षष्ठी विभक्ती अनेक अर्थ पोटात घेते : त्याने वापरलेली, त्याच्या मालकीची, त्याच्या काळातील, त्याच्या घराण्यातून आलेली, किंवा केवळ परंपरेने त्याची म्हणून सांगितलेली. नव्या राजवाड्यातील संग्रहाच्या वर्णनात औरंगजेबाच्या तलवारीचा उल्लेख नेहमी येतो. या विधानातील ‘च्या’ कोणत्या अर्थाचा आहे, आणि तो पात्यावरील लेखावर, दप्तरातील नोंदीवर की केवळ परंपरेवर आधारलेला आहे, हे चिठ्ठीवर लिहिले जाणे आवश्यक आहे. त्याने तलवारीचे महत्त्व उणावत नाही. परंपरा हीदेखील नोंदण्याजोगी वस्तुस्थिती आहे, मात्र तिची नोंद परंपरा म्हणूनच झाली पाहिजे.

अलीकडच्या काळात या प्रश्नाची जाहीर चर्चा वाघनखांच्या निमित्ताने झाली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणण्याचा करार २०२३ मध्ये झाला आणि जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शित झाली. ती साताऱ्याचा पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून त्या संग्रहालयाला मिळालेली आहेत. त्यांच्यासोबतच्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची म्हणून निर्देश आहे. परंतु तीच वाघनखे अफझलखानाच्या वधाच्या वेळी वापरली गेली याला दुजोरा देणे शक्य नाही, अशी त्या संग्रहालयाची स्वतःची भूमिका आहे. येथे वाद वस्तूविषयी नव्हता; पेटीवरील एका वाक्याविषयी होता. पेटीवर वाक्य लिहिणारा अधिकारी आणि ते वाक्य ‘असे पेटी म्हणते’ या शब्दांत उद्धृत करणारा अभ्यासक यांच्यातील अंतर म्हणजेच संग्रह आणि संग्रहालय यांच्यातील अंतर होय.

४

आतापर्यंत संग्रहात जे आहे त्याचा विचार झाला. लष्करी इतिहासाच्या दृष्टीने जे कपाटात मावत नाही, त्याचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. कोल्हापूर राज्यातील शस्त्रे शिपायांच्या हातातून कशी सुटली, हा त्यांतील पहिला प्रश्न. १८४४ साली सामानगड, भुदरगड व पन्हाळा येथील गडकऱ्यांनी उठाव केला. पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्याची राखण करणाऱ्या या लोकांच्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे सोपविण्यात आला, हे त्याचे निकटचे कारण. उठाव मोडल्यावर किल्ल्यांची तटबंदी निकामी करण्यात आली आणि गडकरी ही संस्थाच संपुष्टात आली. ‘गडकरी’ हा शब्द त्यानंतर आडनाव म्हणून उरला. हुद्द्याचे आडनाव होणे ही भाषेतील साधी प्रक्रिया आहे. परंतु तिच्यामागे एका शस्त्रधारी वर्गाचे निःशस्त्रीकरण आहे, हे सांगण्याचे काम संग्रहालयाचे.

त्यानंतर तेरा वर्षांनी, ३१ जुलै १८५७ रोजी, कोल्हापुरात सत्ताविसाव्या देशी पलटणीतील शिपायांनी बंड केले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात शहरात पुन्हा उठावणी झाली. राज्यावर बाबासाहेब महाराज होते. त्यांचे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय येऊन त्यांना कराचीस नेऊन ठेवण्यात आले. तेथेच १८६९ मध्ये ते वारले. एक बंधू गादीवर आणि दुसरा परदेशी बंदिवासात, हे दृश्य कोणत्याही राजघराण्याच्या संग्रहाला अवघड वाटावे असेच आहे. परंतु लष्करी इतिहासाचा दावा करणाऱ्या संस्थेला अवघड प्रसंग टाळता येत नाहीत. विजयाची शस्त्रे तेवढी मांडावयाची आणि पराभवाची, बंडाची व शिक्षेची पाने वगळावयाची, असे केले तर जे उरते त्याला गौरवगाथा म्हणावे. इतिहास म्हणू नये.

या काळाचा एक अवशेष कसबा बावड्याच्या भूमीवरच आहे, आणि तो शब्दाच्या रूपात आहे. ‘लाइन बझार’ या वस्तीच्या नावातील ‘लाइन’ हा शब्द पलटणींच्या ओळीने बांधलेल्या वसतिस्थानांसाठी मराठीत रुळलेला आहे, आणि ‘बझार’ हा पलटणीच्या आधाराने वसणारा बाजार. ‘कसबा’ हा अरबी शब्द, ‘लाइन’ हा इंग्रजी आणि ‘बझार’ हा फारशी. पावकोसाच्या परिसरात तीन सत्तांच्या भाषांचे थर एकावर एक बसले आहेत. (येथेच सांगून ठेवावे की, आज्ञापत्राशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याचे बावडा ते हे नव्हे, ते गगनबावडा होय. नामसादृश्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो.) उत्खननात मातीचे थर जपावे तसे हे शब्दांचे थर जपणे संग्रहालयाच्या कक्षेबाहेरचे मानू नये.

विसाव्या शतकाकडे वळले म्हणजे रिकाम्या जागा आणखी वाढतात. संस्थानची राजाराम रायफल्स ही पलटण १९४९ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीत समाविष्ट झाली. तिच्यातील नाईक, हवालदार, सुभेदार हे हुद्दे शिवकालीन लष्करातील शब्दांचेच वंशज होत. अर्थ बदलले, राज्यकर्ते बदलले, शब्द टिकले. या पलटणीतील शिपायांची पत्रे, पदके, पेन्शनचे कागद व छायाचित्रे आज जिल्ह्यातील अनेक घरांच्या ट्रंकांत असणार. दुसऱ्या महायुद्धाची आणखी एक खूण कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तेथील छावणीत राहिले. त्यांत स्त्रिया व मुले यांचा भरणा मोठा होता. त्यांच्या आठवणीचे एक स्मारक वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाने उभे आहे. युद्ध म्हणजे केवळ लढणारे नव्हेत, पळून वाचलेलेही, ही गोष्ट शिकविण्यास वळिवड्याइतके जवळचे उदाहरण नाही. लंडनचे युद्धसंग्रहालय १९१७ मध्ये, महायुद्ध चालू असतानाच स्थापन झाले, तेव्हा त्याने स्त्रियांच्या युद्धकार्याची साधने जमविण्यासाठी स्वतंत्र उपसमिती नेमली होती. शंभर वर्षांपूर्वी मान्य झालेले हे तत्त्व मराठी प्रदेशात अद्याप नवे वाटावे, हे चिंतनीय आहे.

५

हे सारे कोणी करावे? महाराष्ट्रात अशा संग्रहालयांचे तीन नमुने दिसतात. साताऱ्याचे संग्रहालय शासनाचे. अहिल्यानगर येथील १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय सैन्याचे. आणि नव्या राजवाड्यातील संग्रहालय विश्वस्त संस्थेचे. शासनाजवळ अधिकार आहे, परंतु खात्याची गती आहे. सैन्याजवळ शिस्त व तांत्रिक ज्ञान आहे, परंतु स्वतःच्या संस्थेचे परीक्षण त्याच्याकडून अपेक्षिणे कठीण. विश्वस्त संस्थेला नफा कमवावयाचा नसतो, वरिष्ठांची मर्जीही सांभाळावयाची नसते. म्हणून सत्य सांगण्याची सर्वाधिक मोकळीक तत्त्वतः तिलाच आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून हीच मोकळीक वापरली. त्याचा संग्रह मोठा झाला तो त्रैमासिकामुळे व छापलेल्या कागदपत्रांमुळे. कपाटे मागाहून आली.

या मोकळिकीला दोन मर्यादा पडतात. पहिली कायद्याच्या स्वरूपाची. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेविषयीचा १९५० चा अधिनियम विश्वस्तांकडून मालमत्तेची नोंद आणि हिशेबांची तपासणी मागतो; ज्ञानाची नोंद मागत नाही. मालमत्तेच्या यादीत एक तलवार ही एक नग असते. वर्णनात्मक सूचीत तिलाच पाते, मूठ, परज व म्यान असते. लेख, दुरुस्तीच्या खुणा, आगमनाचा मार्ग व संशयाची जागा असते. पहिल्या यादीने वस्तू चोरीस जाण्यापासून वाचते, दुसरीने अर्थ हरवण्यापासून. दुसरी मर्यादा पैशाची आहे. प्रवेशमूल्यावर व देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला प्रेक्षकांची आवड सांभाळावी लागते; आणि प्रेक्षक वैभव पाहावयास येतो, शंका ऐकावयास नव्हे, असा युक्तिवाद केला जातो. हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. परंतु वाघनखांच्या प्रकरणात शंका जाहीर असूनही ती पाहण्यास लोक आलेच. लोकांना शंका नको असते असे नाही. ती त्यांच्या भाषेत, आदराने सांगितलेली हवी असते.

यास्तव संग्रहालयाच्या विकासासाठी एखादे सहायक मंडळ स्थापन व्हावयाचे असेल, तर त्याने नवीन कपाटे, दिवे व पुतळे यांआधी तीन कामांवर खर्च करावा. पहिले, संग्रहातील प्रत्येक शस्त्राची मराठीत वर्णनात्मक सूची. तिला मोल्सवर्थच्या कोशापासून कोल्हापूर येथील पुरालेखागारातील मोडी कागदांपर्यंत सर्व साधनांचा आधार असावा. दुसरे, कोल्हापूरच्या तालमींतून मर्दानी खेळ शिकविणारे वस्ताद आणि पिढीजात हत्यारांना धार लावणारे शिकलगार यांच्या तोंडची परिभाषा ध्वनिमुद्रित करणे. पट्ट्याचे हात, पवित्रे व फेक यांना तालमीत जी नावे आहेत, त्यांतील फारच थोडी कोशांत आली आहेत. वस्तू कपाटात शतकभर टिकते. वस्तादाचा शब्द त्याच्याबरोबर जातो. तिसरे, शिपायांच्या घरांतील कागद व आठवणी यांचे संकलन. या तिन्ही कामांना इमारत लागत नाही. प्रशिक्षित पदव्युत्तर विद्यार्थी लागतात, आणि ते मराठी, इतिहास व भाषाविज्ञान या विभागांत उपलब्ध आहेत.

या कामाची निकड आता वाढली आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला आणि त्यातील बारा किल्ल्यांत पन्हाळ्याचे नाव आहे. ज्या पन्हाळ्याच्या तटावरून १८४४ मध्ये गडकरी खाली उतरविले गेले, त्याला आता जगाने लष्करी वारसा म्हणून मान्यता दिली आहे. तेथे येणारा अभ्यासक तट व बुरूज पाहील आणि त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काय होते हे विचारील. त्याचे उत्तर काही कोसांवर, कसबा बावड्याच्या वाटेवरील दालनांत शोधण्यास तो येईल. तेथे त्याला ‘तलवार, लोखंडी, अठरावे शतक’ एवढेच वाचावयास मिळाले, तर उणीव शस्त्रांची नसेल. ती त्या शस्त्रांना त्यांच्या नावांनी हाक मारण्याचे ज्यांनी टाळले, त्या विश्वस्तांची व विद्यापीठांची असेल.